भावाच्या अंगठ्यातलं प्लुटोनियम

माझा थोरला भाऊ चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीजवळच्या आमच्या गावातून आयटीआय शिकून निघाला. काही वर्षं ऊर्जानगरच्या कोळशावरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर होता, मग लांबच्या एका कारखान्यात कायम झाला. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन तिथं विरघळवून त्यातून प्लुटोनियम वेगळं काढत.

"कोळसा जळला का राखच उरते, बाई," सुट्टीवर आला की तो मला सांगायचा. "आमच्या राखेतून नवीन जळण निघते. त्याची वीज बी होते, बॉम्ब बी होते."

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात अणुचाचण्या झाल्या तेव्हा तो गावीच होता. लोकांनी त्याला हार घातला. "मी तं नळ्या जोडतो भाऊ," असं तो ज्याला-त्याला सांगत होता, पण ऐकतो कोण?

दोनेक वर्षांनी अपघात झाला. काचेच्या बंद पेटीला बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून काम करताना तारेचं टोक मोज्यातून आरपार त्याच्या अंगठ्यात घुसलं. डॉक्टरांनी तेवढं मांस लगेच कापून काढलं, सलाइनमधून औषध दिलं, पुढं कित्येक महिने लघवी तपासली. थोडं प्लुटोनियम आत राहिलंच.

घरी आल्यावर त्यानं काही लपवलं नाही. "बाहेर असलं तं त्याचा किरण साध्या कागदानं अडते. आंगात गेलं का हाडात नाईतं लिवरात जाऊन बसते. मंग निघत नाई."

मायनं विचारलं, "अन् जवळच्याले?"

"जवळच्याले काईच होत नाई, माय."

पण गावात पसरलं ते वेगळंच. मूल गावच्या पाहुण्यांनी त्याचं जमलेलं लग्न मोडलं. न्हाव्यानं दाढी करायचं टाळलं. चहाच्या टपरीवर त्याचा ग्लास बाजूला ठेवू लागले. आधी तो प्रत्येकाला समजावून सांगायचा. मग त्यानं टपरीवर जाणंच सोडलं.

माझी मुलगी झाली तेव्हा तो चंद्रपूरला आमच्या घरी आला. पाळण्यापाशी उभा राहिला, हात पाठीमागे बांधून.

"घे ना भाऊ," मी म्हटलं.

"मले मालूम हाये, तिले काई होत नाई. पन हात पुढं होत नाई, बाई."

त्यानं तिला कधीच उचललं नाही.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास त्याला कावीळ झाली, तपासणीत लिव्हरचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांना मी विचारलं, "त्या अंगठ्यामुळेच ना?" ते म्हणाले, "असेल. नसेलही. ज्यांनी प्लुटोनियमचं नाव ऐकलं नाही, त्यांनाही हा होतो." कारखान्यातूनही तेच उत्तर आलं. भावाला सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "मंग मी कोनावर रागवू, सांग," एवढंच बोलला.

तो गेला तेव्हा आम्ही त्याला गावाकडे नेलं. वेशीवरच चार मोठी माणसं गाडीसमोर उभी राहिली. त्यातल्या एकानं भावाला हार घातला होता.

"इथी जाळू नका बाई," तो मायला हात जोडून म्हणाला. "धूर गावावर येईन. लेकरंबाळं हायेत."

माझे यजमान भांडले. असं काही होत नाही, त्या जरा-जराशा कणांनी कुणाचं काही बिघडत नाही, घसा बसेपर्यंत सांगत राहिले. त्या माणसांच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता, नुसती भीती होती. तिच्यापुढे आमचं काही चाललं नाही. शेवटी मायच म्हणाली, "गाडी फिरवा."

चंद्रपूरच्या स्मशानात त्याला अग्नी दिला. ऊर्जानगरला त्याच्या खोलीत राहिलेला मुसलमान वेल्डर तेवढा बातमी ऐकून धावत आला आणि त्यानं खांदा दिला. गावातून कुणी आलं नाही.

माय माझ्याकडेच राहिली. गावचं शेत बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, कसायला दिलं होतं. धान किती झालं, हेही तिनं कधी विचारलं नाही.