माशांचं तोरण

आईने बोईसरला आमच्या घरात पाऊल ठेवलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं, "दिवाळी झाली की मला पोचव."

"अगं, आधी पाणी तरी पी!" मी म्हटलं. रागच आला मला. साताऱ्याकडच्या गावात ती एकटी राहायची. वडील जाऊन दीड वर्ष झालेलं. गणपतीच्या आधी न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारीण दूध द्यायला येईपर्यंत तशीच ओल्या फरशीवर पडून होती. हाड मोडलं नाही हे नशीब. तिला पुन्हा तिकडे एकटं सोडायला मी तयार नव्हते, आणि हिचं आपलं एकच तुणतुणं, दिवाळी झाली की. मला ती कायमची इथे हवी होती. पण तसं म्हणायची सोय नव्हती. एकदा म्हणून बघितलं तर बाईसाहेब रात्री जेवल्याच नाहीत.

तिला इथलं काहीच आवडत नव्हतं. कारखान्यांच्या हवेला वास, किनाऱ्याकडून वारा आला की त्याला वेगळा वास. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात माशाला हात लावलेला नाही. ती आल्यापासून आमच्याकडे मासे बंद झाले. नवरा कारखान्यातून पाळी संपवून यायचा आणि वरणभाताकडे असा बघायचा की मलाच त्याची दया यायची.

तिच्या पिशवीतून तिने दोन लुगडी बाहेर काढली, बाकी सगळं आतच. त्यात गावच्या दाराचं तोरण होतं. उंदीर कुरतडतील म्हणून सोबत आणलेलं. लोकरीचं, क्रोशाच्या सुईने विणलेलं, मध्ये कलश आणि दोन्ही बाजूंना हिरवे पोपट. पोपटांच्या पाठी कलशाकडे आणि चोची बाहेर. "असे उलटे का गं?" असं मी लहानपणी विचारलं होतं. "गल्लीची राखण करतात," म्हणाली होती.

"इथे लावू या की आपल्या दाराला," मी म्हटलं.

"ते तिकडच्या दाराचं आहे. तोरण एका दाराचं असतं, दुसऱ्या दाराला लावत नाहीत."

विषय संपला. तोरण पुन्हा पिशवीत आणि पिशवी पुन्हा कपाटाखाली.

पण आमची हवा दमट. एका रविवारी तिला लोकरीला कुबट वास आला म्हणून तिने तोरण दाराच्या जाळीवर वाळत घातलं. नेमकी तेव्हाच आमची मासेवाली आली. तारापूरच्या पलीकडच्या कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची. मी तिला ताई म्हणते, ती मला बाय म्हणते. आमच्या घरचं गिऱ्हाईक अचानक बंद कसं झालं याची चौकशी करायला ती जिना चढून आली होती.

"काय बाय, किती दिवसाचा उपास तुमचा?" असं विचारता विचारताच तिचा हात तोरणावर गेला.

"हात लावू नका!" आई आतून कडाडली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र जागची हलली नाही. "धुतलेला हाय हात, आई. वास ऱ्हातो, मळ नाय." मग तोरण डोळ्याजवळ नेऊन बघत बसली. उलटं केलं, पोपटाची शेपटी ओढून पाहिली. "आई, तुमी केलं हे? याला गाठ कुटं हाय?"

"गाठ नसते त्याला," आई म्हणाली. अजून घुश्शातच.

"गाठ नाय? मंग सुटत कसा नाय?"

हा प्रश्न आईला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ताईच्या घरी जाळी विणतात, दुरुस्त करतात. तिथे जाळ्याच्या प्रत्येक घराला गाठ. तिच्या लेखी विणणं म्हणजे गाठ मारणं. आईने पिशवीतून लोकरीचा गुंडा आणि सुई काढली, भराभर एक साखळी विणली, ताईच्या हातात दिली आणि टोक ओढायला सांगितलं. ताईने ओढलं. साखळी सरसर उसवत गेली आणि हातात नुसता धागा राहिला.

"आय गं! म्हंजे एक धागा सुटला का सगळा माल परत पान्यात!"

आई हसली. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातातला झारा तसाच धरून.

ताईचं घर नुकतंच नवं बांधून झालं होतं. सागवानी दार बसवलेलं, पहिली दिवाळी. तिने तिथेच मागणी घातली. तोरण पाहिजे, असंच, पण पोपट नको. मासे.

"तोरणावर मासे?" आईने कपाळाला हात लावला. "शिव शिव!"

"आमची लक्षुमी हाय ती," ताई म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेलीसुद्धा.

मला वाटलं, झालं, आता आठवडाभर हाच विषय. पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून घरी आले तर आई खिडकीशी बसून विणत होती. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, हाताला चाळा." चार दिवसांनी चाळा पूर्ण झाला. गुलाबी लोकरीचा मासा. मी नीट बघितलं. काहीतरी चुकत होतं, काय ते मला कळेना. ताईने आल्या आल्या ओळखलं आणि जिन्यातच खाली बसली हसत.

"आई, याला मान हाय! माशाला मान कुटं आस्ते?"

खरंच होतं. आई जन्मभर पोपट विणत आली. हात आपसूक डोक्याखाली टाके कमी करायचे, मग पोटाला वाढवायचे. त्यामुळे माशाला छान नाजूक मान आली होती. वळून मागे बघेल असा मासा. आई आधी ओशाळली, मग तिलाही हसू आवरेना.

"मग असतो कसा? मी कधी बघितलाय?"

ताईने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. आईने पदर नाकाला लावला, दोन पावलं मागे सरकली, मग एक पाऊल पुढे आली. पापलेट होतं. पदराआडून ती बराच वेळ बघत राहिली. "पापण्या नाहीत याला? मग झोपतो कसा? आणि हे चंदेरी अंगाचंच आहे? मला वाटायचं, तुम्ही काहीतरी लावता."

"आमी कशाला लावू! देवानी लावलेला हाय."

तेव्हापासून दर रविवारी हा सोहळा सुरू झाला. ताई टोपली दाखवायची, आई पदर नाकाशी धरून प्रश्न विचारायची. शेपटीला फाटा का, हलव्याचा रंग काळा का, बांगड्याच्या पाठीवर त्या रेघा कसल्या. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. दिवाळी जवळ येत होती. पिशवी अजून कपाटाखालीच होती.

धनत्रयोदशीला मी रजा टाकली आणि तोरण पोचवायला आम्ही दोघी रिक्षाने ताईकडे गेलो. अंगणात वाशांवर बोंबील वाळत होते. आई नाकाला रुमाल लावून त्यांच्याखालून वाकून गेली, पण बाहेर आल्यावर मागे वळून पाहिलंच तिने. ओट्यावर ताईचा नवरा फाटलेलं जाळं सांधत बसला होता. आई शेजारी बसली, म्हणाली, "मला दाखवा ना एक गाठ." तिने एक गाठ मारली, ती सुटली. दुसरी बसली. लहान मुलीसारखी खूश झाली.

मग ताईने तोरण दारावर धरलं. चंदेरी पापलेटं, मध्ये कलश, खाली लाल गोंडे. सुरेख दिसत होतं. शेजारणी गोळा झाल्या. पण ताईचा चेहरा उतरला.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"आई, राग नका मानू. पन हे सगळे बाहेर चाललेत."

सवयच ती. पोपटांसारखेच बसवले होते तिने, शेपट्या मध्ये कलशाकडे आणि तोंडं दाराच्या दोन्ही कडांना.

"आमचा मानूस दर्यात जातो," ताई म्हणाली. "मंग आमी वाट बघतो. दारावर जानारा तोंड नको आई, येनारा पायजे. तोंडा मदी करा."

मी मनात म्हटलं, आता ही चिडणार, एवढी मेहनत पाण्यात. पण तिने तोरण मांडीवर घेतलं, चष्मा लावला, कात्री मागितली आणि एकेक मासा पट्टीवरून सोडवायला लागली. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून तिने सगळे मासे फिरवले. ताईने चहा दिला, तो गार झाला. येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. मग म्हणाली, "तुझे वडील गेल्यावरसुद्धा मी दार लावताना जरा थांबायची." मी तिचा हात धरला.

दिवाळी झाली, भाऊबीजही झाली. तिने पिशवी कपाटाखालून काढलेली मी पाहिली होती. तिला पोचवायला रजेचं बघायला हवं होतं, पण माझं मन होईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून जिना चढून वर आले तर दार सताड उघडं आणि आई उंबऱ्याशी बसलेली. पिशवी शेजारीच. पुन्हा पडली की काय? की इतक्यात निघायची घाई?

ती उंबऱ्यावर वीत टाकत होती. एक, दोन, तोंडातल्या तोंडात मोजत.

"आई, काय करतेस?"

"वरती हात पोचत नाही माझा. खाली मोजलं तरी तेवढंच ना?"

"कुणाचं दार मोजतेस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हिला एवढंही कळू नये. "हे दार कुणाचं आहे?"

मी पायरीवरच बसले. डबा, पर्स, सगळं मांडीवर घेऊन रडायला लागले.

"रडायला काय झालं? मोजणी चुकवलीस माझी," ती वैतागून म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून वीत टाकायला लागली. "उद्या येताना हिरवी लोकर आण. मासे नाही करायची मी, गळ्यात माळ आहे माझ्या. पोपटच करीन."

"बरं."

"पण तोंडं आत."