पेलिकनची पिल्लं आणि जाळी नसलेली परात

फॅक्स मशीनमध्ये कागद घातला होता. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. रॉबिन म्हणाली, "मेट, दोस्ता, उद्या सकाळपर्यंत थांबशील?"

रॉबिन त्या वाळवंटी अभयारण्याची रेंजर. मी मूळचा पुण्याचा, मेलबर्नला क्लेटनमध्ये राहणारा, पाण्याची मोजमापं करणारा इंजिनिअर. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नोकरी नवी, अजून प्रोबेशनवर.

तिथल्या खाऱ्या तळ्यात एक बेट होतं. बेटावर पेलिकनची शेकडो पिल्लं. ती उडायला अजून पाच आठवडे होते. तळं त्याआधी आटलं, तर कोल्हे चालत बेटावर जाणार. पाणी किती दिवस टिकेल, एवढंच मला सांगायचं होतं.

त्यासाठी इव्हॅपोरेशन पॅन असतो. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे पाण्याने भरलेली पत्र्याची मोठी परात. रोज तिच्यातलं पाणी किती उतरलं ते मोजायचं, त्यावरून उन्हाने तळ्याचं किती पाणी उडतं ते काढायचं. माझं उत्तर आलं, तीन आठवडे.

"मग बेटावर माणसं पाठवून कुंपण घालू," मेलबर्नहून माझा बॉस ग्रॅहम फोनवर म्हणाला. "आज आर्वोला फॅक्स कर, दुपारीच."

"माणसं उतरली की मोठे पक्षी पिल्लं टाकून जातील," रॉबिन म्हणाली. "हे तळं इतक्या लवकर आटत नाही."

मी धुसफुसतच थांबलो. इंजिनिअर मी, आणि ही मला शिकवणार!

सकाळी तिने मला परातीजवळ नेलं. पन्नासेक गुलाबी काकाकुवे गोड्या पाण्यावर तुटून पडले होते. पीत होते, अंघोळी करत होते. एक इमूही मान घालून उभा. पाखरांनी पाणी पिऊ नये म्हणून परातीवर असते ती जाळी बाजूला पडलेली.

जाळी मीच काढली होती. आल्या दिवशी एक तहानलेलं पाखरू तिच्यावर चोच आपटत होतं. आमची आई उन्हाळाभर गॅलरीत पाखरांसाठी पाणी ठेवायची. मला राहवलं नाही. एका चोचीने कितीसं पाणी जाणार, असं वाटलं. आणि पाखरांनी संपवलेलं सगळं पाणी मी उन्हाच्या नावावर मांडलं होतं.

"ग्रॅहमला सांगणार?" मी विचारलं.

"मी कशाला? पॅन तुझा, फोनही तूच कर. नो वरीज."

ग्रॅहमने चार शब्द सुनावले, पण मुदत दिली. जाळी बसवून पुन्हा आठवडाभर मोजलं. उत्तर आलं, अजून सहा आठवडे. कुंपण रद्द झालं.

पुढे रॉबिनने एक फोटो पाठवला. खाली रिकामं बेट, वर आभाळभर पेलिकन. तिने त्या दिवशी थांबवलं नसतं, तर ती पिल्लं माझ्यापायी गेली असती. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेलो की दोन भांडी भरतो. एक जाळीखाली, मोजायला. दुसरं उघडं, पाखरांना.