रविवारचा कार्बन

आमच्या शेजारचे काका दर रविवारी बनियनवर येऊन गाडीचं बॉनेट उघडतात. इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी स्प्रे मारायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचं, आणि ब्रश काळा झाला की कंपाउंडवरून मला दाखवायचा, नातवाचा फोटो दाखवावा तसा. "बघा भाऊ, किती कार्बन निघून राहिला." मग गाडी चालू होते आणि पांढऱ्या धुरात दोरीवरच्या साड्या, तुळस आणि काकू एकदम गायब होतात. काकूंचा आवाज तेवढा येत राहतो.

ही काजळी, म्हणजे कार्बन, साचतो, कारण काका तिसाच्या वर गाडी नेत नाहीत. नांदेडचे ऑटोवालेही त्यांना हात दाखवून पुढं जातात. मेकॅनिक म्हणाला होता, "काका, एकदा हायवेला दाबून हाणा. सगळा जळून जाईल."

मागच्या महिन्यात आम्ही लातूरला लग्नाला निघालो. अहमदपूरच्या अलीकडं रस्ता मोकळा दिसला. काका म्हणाले, "धरून बसा," आणि दाबलीच. इंजिन कोकलत होतं, मागं काळा लोट उठला होता आणि काका ओरडत होते, "निघून राहिला भाऊ, लई निघून राहिला!" मीही ओरडत होतो. मागच्या सीटवर काकू डोळे गच्च मिटून हसत होत्या.

पुढच्या रविवारी ब्रश पांढराच राहिला. काका त्याच्याकडं बघत पायरीवर बसून राहिले.

सोमवारी मी दूध घेऊन पायी येत होतो. काकांची गाडी बरोबरीला आली आणि चौकापर्यंत बरोबरीनंच चालली. काच खाली करून काका हळूच म्हणाले, "साचू द्या भाऊ जरासा."