शेजारच्या सीटचा ब्रेक

माझे भावोजी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेजारी बसले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो मास्तरने दाबायचा. एकतीस वर्षं भावोजींचा उजवा पाय त्या ब्रेकवर होता. निम्म्या शहराला त्यांनी गाडी शिकवली आणि एकालाही खरचटू दिलं नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही पुढे मास्तरच म्हणायला लागलो.

हा पाय घरी आल्यावरही गप्प बसत नसे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, ओट्यावरून भरलेलं पातेलं उचलायची तेव्हा टेबलाखाली मास्तर फरशी दाबायचे. त्यांची एकुलती एक मुलगी पहिल्यांदा सायकलवर बसली तेव्हा हे अंगणात उभ्या उभ्या ब्रेक मारत होते. मी आणि माझी भाची त्यांची नक्कल करून पोट धरून हसायचो. ताई एवढी हसायची नाही. तिला गाडी शिकायची होती, लग्नानंतरची पाच-सात वर्षं ती अधूनमधून विचारायची, आणि मास्तर म्हणायचे, "तुला कशाला? मी आहे ना." मग तिने विचारणं सोडलं आणि मागच्या सीटवर बसायला लागली.

भाची एकोणीस वर्षांची झाली आणि लायसन्सच्या परीक्षेला बसली. मागे परीक्षक, शेजारी मास्तर. एका वळणावर पिशव्या घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. पोरीचा पाय ब्रेककडे निघालाच होता, पण त्याआधी गाडी थांबली. परीक्षकांनी कागदावर फुली मारली. शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की परीक्षा देणारा नापास, आणि हे मास्तरांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

"मला दिसली होती ती, बाबा," भाची घरी येऊन म्हणाली.

"मला आधी दिसली," मास्तर म्हणाले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली, म्हणून आम्ही ती गोष्ट विसरलो. ती विसरली नव्हती.

खरा घाव तीन वर्षांनी बसला. काचसामान बनवणाऱ्या एका कारखान्यात तिने नक्षीचे नमुने काढायच्या कामासाठी मुलाखत दिली होती. आठ तासांच्या प्रवासावरचं शहर. कारखान्याचा फोन घरी आला तेव्हा ती बाहेर होती. मास्तरांनी फोन घेतला आणि सांगितलं, "ती येणार नाही. तिचा विचार बदललाय." रिसीव्हर खाली ठेवला आणि तोंडातून ब्र काढला नाही. पोरगी महिनाभर फोनपाशी घुटमळत राहिली. मास्तर रोज तिच्यासमोर बसून जेवत होते. शेवटी तिने स्वतःच फोन लावला, तेव्हा पलीकडची बाई म्हणाली, "अहो, तुमच्या वडिलांनीच कळवलं की."

तिने आरडाओरडा केला नाही. एक बॅग भरली आणि त्याच शहरात जाऊन दुसरं, त्याहून हलकं काम धरलं. वडिलांशी बोलणं बंद केलं ते नऊ वर्षं.

दर रविवारी अकराला तिचा ताईला फोन यायचा. मास्तर शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचे. तासभर पान उलटायचे नाहीत. ताई फोनवर म्हणायची, "बाबा विचारतायत, सर्दी बरी झाली का?" बाबांनी काहीही विचारलेलं नसायचं. फोन ठेवल्यावर मास्तरांना सांगायची, "तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होती हो." तीही थाप. माझी बहीण नऊ वर्षं दोन्हीकडे खोटं बोलली, आणि तिच्या खोट्यावर त्या दोघांचे रविवार निघाले.

अशातच ताईने एका समुपदेशक बाईंचा पत्ता मिळवला. आईबाप आणि मुलं यांना समोरासमोर बसवून बोलतं करतात, असं तिला दवाखान्यात कुणीतरी सांगितलं होतं. तिने तारीखही घेतली. मास्तर म्हणाले, मी काही वेडा नाही. तेवढ्यावर भागलं असतं तरी ताईने चिकाटी सोडली नसती. पण मी तिथेच बसलो होतो आणि मला विनोद सुचला. मी म्हणालो, "ताई, फुकटात भांडता येतंय की घरी, तिकीट काढून कशाला भांडायचं?" मास्तर मोठ्याने हसले. ताईने बाईंचं कार्ड उचललं आणि स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिलं. ते हसणं मला आजही ऐकू येतं आणि माझी मान खाली जाते.

दोन वर्षांनी एका दुपारी भाजी निवडता निवडता ताई गेली. हृदयाचा झटका, डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं.

भाची चार दिवस राहिली. मास्तरांशी गरजेपुरतंच बोलली: चावी कुठाय, औषध घेतलंत का. जायच्या आदल्या दिवशी काडेपेटी शोधताना खणातलं ते कार्ड तिच्या हाताला लागलं. मागे ताईच्या अक्षरात तारीख, वेळ आणि खाली "तिघं" असं लिहिलेलं. तिने ते टेबलावर मास्तरांपुढे ठेवलं.

"मी सहा वेळा येईन," ती म्हणाली. "आईसाठी. त्यात काही जमलं तर ठीक, नाहीतर मग मला पुन्हा बोलावू नका. आणि मामा, तू पण चल. तिची खुर्ची रिकामी ठेवून मला यांच्याशी बोलता येणार नाही."

मास्तरांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "चालेल," म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला दिलेलं ते पहिलं खरं उत्तर.

चष्म्याच्या दुकानावरची छोटी खोली. चार खुर्च्या, एक सतरंजी, खिडकीतून खालचा चौक दिसायचा. बाई भाचीच्याच वयाच्या. त्यांचा नियम साधा होता: एकाने बोलायचं, दुसऱ्याने जे ऐकलं तेवढंच पुन्हा म्हणून दाखवायचं, वर काही जोडायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. मास्तरांना तो दोन खेपा जमला नाही.

भाची म्हणाली, "त्या महिन्यात मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मास्तर म्हणाले, "तिला वाटायचं तिच्यात कमी आहे, पण मी तर तिच्या भल्यासाठीच..."

"मास्तर, 'पण'च्या आधी थांबायचं," बाई म्हणाल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा "पण". दुसऱ्या खेपेला भाचीने पर्स उचलली आणि वेळ संपायच्या आधीच निघून गेली. बाईंनीही हात टेकले असं मला वाटलं. मास्तर मात्र जिन्यात थांबून मला म्हणाले, "अजून चार आहेत ना?"

तिसऱ्या खेपेला बाईंचं लक्ष सतरंजीकडे गेलं. मास्तरांच्या खुर्चीपुढे ती चुरगळून गोळा झाली होती. "ती बोलायला लागली की तुमचा पाय दाबला जातो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे?"

मास्तर पायाकडे बघत राहिले. भाचीला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "मला लहानपणापासून माहीत आहे."

बाईंनी मग दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, खिडकीकडे तोंड करून लावायला सांगितल्या. मास्तरांना बूट काढून पाय वर घेऊन मांडी घालायला सांगितली. जन्मभर समोरच्या काचेतून बघत माणसांशी बोललेला हा गृहस्थ, त्याला समोरासमोर बसून काय बोलता येणार? हे मला तीस वर्षांत सुचलं नाही, त्या बाईंना तीन भेटींत सुचलं.

चौथ्या खेपेला, खालच्या चौकाकडे बघत, मास्तर बोलले. "फोन आला तेव्हा तुला जायचंय हे मला माहीत होतं. मी सगळ्यांना सांगत आलो, तुझ्या काळजीपोटी केलं. खोटं आहे ते. तू गेल्यावर घर कसं असेल ते मला दिसलं आणि मी घाबरलो. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी केलं मी ते."

आता म्हणून दाखवायची पाळी भाचीची. ती "तुम्ही घाबरलात" एवढंच म्हणू शकली.

पुढच्या दोन भेटी सोप्या गेल्या असं म्हणणार नाही. तिच्या मनातलं बरंच बाहेर पडलं, काही मलाही बसलं. मामा, तू नुसता हसत राहिलास, ती म्हणाली. मी तेवढंच म्हणून दाखवलं. फार जड गेलं मला.

सहावी भेट आटोपून खाली आलो. भाची स्वतःच्या गाडीने आली होती. एरवी ती आम्हाला रिक्षापाशी सोडून जायची. त्या दिवशी तिने शेजारचं दार उघडलं आणि म्हणाली, "बसा बाबा. घरी सोडते. दोन दिवस राहणार आहे."

मास्तरांनी बूट काढले, मांडीवर घेतले आणि सीटवर पाय वर घेऊन बसले. साठी ओलांडलेला माणूस, बूट पोटाशी धरून. मी मागे बसलो, ताई बसायची त्या बाजूला. बाजाराच्या कोपऱ्यावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. मास्तरांनी बूट घट्ट धरले. भाचीने गाडी थांबवली, अगदी वेळेवर, धक्काही बसला नाही. सायकलवाला निघून गेला.

गाडी पुन्हा सुरू करताना तिने आरशातून माझ्या सीटकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईलाही गाडी शिकायची होती, बाबा."

मी मास्तरांच्या "पण"ची वाट पाहत होतो.

"तिलाही गाडी शिकायची होती," मास्तर म्हणाले, आणि तिथेच थांबले.