बारा किलो वांगी आणि लाल पेन

खरं तर हे मी कुणालाच सांगणार नव्हते. पण ऑफिसातल्या लोकांनी गावभर केलंच आहे, तर निदान माझ्या तोंडून नीट ऐका. चहा घ्या आधी. आणि हसू आलं तर मध्येच हसा, शेवटाची वाट बघू नका. माझी फजिती फार लवकर सुरू होते.

मी आर्किटेक्ट. मूळची धुळ्याची, नोकरीला जळगावात. दार कुठे, जिना कुठे, उत्तर दिशा कुठे, हे लोकांना सांगायचे मला पैसे मिळतात. एवढं लक्षात ठेवा.

तर थंडीचे दिवस. आमच्या सरांनी रविवारी त्यांच्या शेतावर भरीत पार्टी ठरवली. आता थंडीत जळगावच्या आसपास रविवारी कुठलंही शेत घ्या, धूर निघत असतोच. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, ठेचतात आणि पुऱ्यांबरोबर माणूस स्वतःचं नाव विसरेपर्यंत खातात.

शनिवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"वांगी तू आणायची. बारा किलो. सकाळीच शेतावर पोच, आमचे नातेवाईक असतील तिथे, त्यांच्याकडे दे. आम्ही बाकीचे मागून येतो. आणि सावद्याचे नाना येणार आहेत."

सावद्याचे नाना म्हणजे केळीचे मोठे बागायतदार. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, बोलणी सगळी सरांनीच केलेली. त्यांना बंगला बांधायचा होता आणि त्याचा नकाशा मी केला होता. एकटीने. पहिल्यांदा! आजवर मी फक्त संडास-बाथरूम आणि सरांच्या शेताचं गेट एवढंच स्वतंत्रपणे केलं होतं.

"जेवण झालं की नानांना नकाशा दाखव," सर म्हणाले. "आवडला तर हे काम तुझं."

आणि नाही आवडला तर? ते सर बोलले नाहीत. पण पुन्हा बाथरूम, हे मला कळलं.

रविवारी पहाटे बाजारात जाऊन मी एकेक वांगं हातात तोलून घेतलं. हिरवं, चकचकीत, आकाराने मोठं पण हाताला हलकं. म्हणजे आत बिया कमी. भाजीवाली मावशी शेवटी म्हणाली, "बाई, वांगं घ्यायचंय का जावई करायचाय?" मी लक्ष दिलं नाही. पोतं स्कूटीवर पायाशी ठेवलं, नकाशाची गुंडाळी पाठीला अडकवली, फोन डिकीत टाकला आणि निघाले.

फोन डिकीत का? अहो, सरांनी लोकेशन पाठवलं होतं, पण मला लोकेशनची काय गरज? शेत पाहिलं नव्हतं, पण पाळधीच्या पुढे आहे हे ठाऊक होतं, आणि गेट मी काढलेलं! दोन दगडी खांब, मध्ये केळीच्या पानासारखी लोखंडी जाळी. असं गेट अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नाही, असं मी आईला फोनवर सांगितलं होतं.

पाळधीच्या पुढे वळले, आणि दिसलं. माझं गेट. कागदावरून उठून उभं राहिलेलं. मी दोन मिनिटं स्कूटी थांबवून बघत बसले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आत वीस-पंचवीस माणसं. बायका पुऱ्या लाटतायत, काड्या रचून ठेवलेल्या. एक वहिनी लगबगीने पुढे आल्या.

"ये, ये! अगंबाई, वांगी आणलीस?"

"हो. बारा किलो."

"अहो, बघा हिची वांगी! आपली राहू द्या आता, हीच भाजा."

बघा, मला कुणी विचारलं का, तू कोण? नाही विचारलं. मी तरी विचारलं का? आपल्याकडे माणूस वांगी घेऊन दारात आला की त्याची ओळख झाली.

मग मी कामालाच लागले. वांगी भाजताना मीच सांगत होते, आता उलटा, आता काढा, मिरच्या कमी आहेत. धुळ्याची आहे म्हटल्यावर थोडं सांगावंच लागतं. लोक ऐकतही होते. सरांचे नातेवाईक फार समजूतदार आहेत, असं मनातल्या मनात म्हटलं.

बारा वाजले. सर आले नाहीत. एक वाजला. नाहीत. मोठ्या माणसांना उशीर व्हायचाच.

"चल, बस जेवायला," वहिनी म्हणाल्या.

"सर येऊ देत ना."

"येतील ते. पहिले जेवी ले."

कोण 'सर', हे त्यांनी विचारलं नाही आणि कोण 'ते', हे मी. मी बसले. सात पुऱ्या खाल्ल्या. भरीत किती खाल्लं ते सांगत नाही.

पानावरून उठता उठता मी विचारलं, "वहिनी, नाना आलेत का?"

"ते काय, निंबाखाली. आता आडवे होतील."

आडवे होतील? माझा बंगला मग कोण बघणार? मी हात धुतले न धुतले आणि धावत गेले.

धोतर, पांढरी टोपी, सत्तरीचे नाना खाटेवर बसले होते.

"नाना, तुम्हाला नकाशा दाखवायचाय."

नानांनी मला नीट न्याहाळलं आणि अहिराणीत विचारलं, "कोन गावनी तू?"

"मी धुयानी, नाना."

"दाखाड मग."

मी गुंडाळी खाटेवर उलगडली. चारी कोपऱ्यांवर चार वांगी ठेवायची होती, पण ती पोटात गेलेली, म्हणून चपला ठेवल्या. आणि अर्धा तास बोलले. हवा कुठून, उजेड कुठून, दिवाणखाना दोन मजले उंच. सगळं नाना शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे केला.

"पेन शे का?"

माझ्याकडे लाल पेन होता. तो दिला.

"पायऱ्या किती शेतस या?"

"सात. भारदस्त वाटतं."

"घर शे का किल्ला? मन्हा गुडघा दुखतस." चार पायऱ्यांवर काट मारली. "आनी हे छत एवढं उंच. जाळं कोन काढी?"

"…शिडी लावून, नाना."

"तू येशी का काढाले?"

दिवाणखान्यावर काट.

"बठाले ओटा कोठे शे? कोनी आलं तर उभंच ऱ्हाई का?" दारापुढे त्यांनी लांबलचक ओटा काढला. "ट्रॅक्टर वळी कोठे?" माझं गोल कारंजं गेलं. तिथे ट्रॅक्टर वळला.

माझा चेहरा पडला असणार. नानांनी पेन परत दिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नको माय. बाकी बठ्ठं चांगलं शे."

बाकी सगळं चांगलं! पण गेलं माझं काम, मी मनाशी म्हटलं. सरांना फोन करावा म्हणून डिकी उघडली. सतरा मिस्ड कॉल.

"अगं आहेस कुठे?" सर ओरडले.

"शेतावर, सर. तुम्ही कुठे?"

"मी पण शेतावरच!"

मी पुन्हा गेटाकडे बघितलं, माझंच होतं.

"वांगी कुठे आहेत?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

मी मागे वळून बघितलं. शेवटची पंगत बसली होती. एक काका पातेल्याचा तळ खरवडत होते.

"सर, वांगी… झाली."

"झाली म्हणजे?"

"चांगली झाली, सर."

मी फोन ठेवला आणि वहिनींकडे गेले. "वहिनी, हे शेत कुणाचं?"

"आमचं," वहिनी म्हणाल्या. "का गं?"

"आणि गेट?"

"शेजारच्या शेताचं बघून मिस्तरीने करून दिलं. नकाशा होताच त्याच्याकडे. छान आहे ना?"

छान आहे हो! इतकं छान आहे की ते काढणाऱ्या बाईलाच शेत सापडलं नाही.

मग सगळा उलगडा झाला. वहिनींना वाटलं होतं, मी त्यांच्या सासऱ्यांच्या, म्हणजे या घरच्या नानांच्या ओळखीतली. नानांना वाटलं होतं, मी सुनेच्या माहेरची.

"पण नाना, तुम्ही एवढा नकाशा तपासला कशाला?"

"माले वाटनं तुन्ही परीक्षा शे," नाना म्हणाले. "पोर पास व्हवाले पाहिजे."

खाली जमीन होती, पण मला पोटात घ्यायला ती तयार नव्हती. वहिनींनी मात्र हसत हसत त्यांची राहिलेली वांगी पटापट भाजायला टाकली, मोठं पातेलंभर भरीत केलं, पुऱ्यांचा डबा दिला आणि शेजारच्या शेतापर्यंत ट्रॅक्टरने पोचवलं. शेजारचं शेत! दोनशे पावलांवर तेच गेट, तीच जाळी, आणि आत ऑफिसातली चौदा माणसं विझलेल्या काड्यांभोवती बसलेली. मध्ये सावद्याचे खरे नाना, हातात कोरी पुरी.

पातेलं बघताच सगळ्यांनी पानं घेतली. आधी जेवले. मी वाढत होते.

हात धुऊन सावद्याचे नाना म्हणाले, "आणा तो नकाशा."

दुसरी प्रत नव्हती. मी तीच उलगडली. लाल रेघा, लाल ओटा, लाल ट्रॅक्टर. सरांनी डोळे मिटून घेतले.

सावद्याच्या नानांनी बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला.

"पोरी, घर हेच बांधायचं. पण हे लाल पेनाने केलंय ना, तेवढं नक्की ठेव. तेच सगळ्यात भारी आहे."

"वा!" सर म्हणाले. "फार विचार केलास गं."

मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

पुढच्या रविवारी पातेलं परत द्यायला गेले. रिकामं पातेलं कसं परत द्यायचं, म्हणून त्यात पेढे. नाना निंबाखालीच होते. पेढे बघून त्यांचा चेहरा उजळला.

"पास व्हयनी का?"

"झाले, नाना. पहिला नंबर."

"कशी काय?"

"कॉपी करून," मी म्हटलं.

नानांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, आणि खाटेवर मला जागा करून दिली.

"पुढला पेपर कधी शे?"

मी पाठीवरची गुंडाळी काढली. लाल पेन या वेळी दोन आणले होते.