ताटलीनानांचा तिसरा प्रश्न

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील तमाम जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, टक्कल या विषयावरचा आमच्या भागातला अखेरचा अधिकारी पुरुष गेला. हसू नका. या माणसाने टकलं मोजून माणसं वाचवली. त्यातला एक माझा बाप आहे.

आम्ही त्यांना ताटलीनाना म्हणायचो. मूळचे टोकावड्याचे, पण सारा जन्म शहापुरातल्या एका लहानशा लॅबमध्ये गेला. ऑपरेशननंतर कुणाचं पोट आतून पिकलं, टाक्यांतून पू आला, की त्याचा नमुना नानांकडे यायचा. चपट्या ताटलीत जंतूंचं खाद्य थिजवलेलं असे. नाना त्यावर तो नमुना सारवायचे. जंतू उगवले की ते दुसऱ्या ताटलीवर पसरायचे आणि वर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ज्या टिकलीभोवती गोल मोकळी जागा दिसेल, ते औषध लागू. जिला जंतू अगदी खेटून उगवले, ते औषध गेलं पाण्यात.

शेतकऱ्यांना ते हे भाताच्या भाषेत सांगायचे. "आपण लावणीआधी राबात, भाजलेल्या वाफ्यात, रोप टाकतो ना, तसंच. फक्त इथं उलटा कारभार. इथं शेत उजाड झालं का पेढे वाटायचे." मग स्वतःचं चकाकतं डोकं पुढे वाकवून म्हणायचे, "टिकलीभोवती असं टक्कल पडाया पायजे." आणि ते टक्कल पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजायचे. एकदा एका म्हातारीने ती पट्टी उचलून थेट नानांच्या डोक्याला लावली आणि विचारलं, "मंग ह्ये औषध लय भारी आसंल?" नाना म्हणाले, "आजे, सगळ्या जंतूंवर चालतं. बायकोवर नाय चालत."

पण नानांची खरी ख्याती होती ती त्यांच्या एका प्रश्नाची. "आधी काय गोळ्या घेतल्या?" हा प्रश्न ते तीनदा विचारायचे. पहिल्यांदा हातात पेन घेऊन. दुसऱ्यांदा चहा ओतता ओतता, सहज. आणि तिसऱ्यांदा तुम्ही दारात चपला घालत असताना. "चपलेत पाय गेला का माणूस खरं बोलतो," असं त्यांचं मत होतं. आमच्याकडे घरोघरी एक डबा असतो. त्यात उरलेल्या गोळ्या असतात. एकाच्या दाढेच्या गोळ्या दुसऱ्याच्या तापाला जातात, शेजारधर्म म्हणून. आणि डॉक्टरांपुढे त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ओरडतात म्हणून.

बाबांचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा शहापुरात ऑपरेशन झालं. घरी, धसईला आणल्यावर चार दिवसांनी जखम लाल झाली आणि टाक्यातून पू यायला लागला. तडक शहापूर गाठायचं सोडून मी शेजारच्या काकूंचा डबा उघडला. त्यांच्या सुनेच्या सिझेरियनच्या सहा गोळ्या उरल्या होत्या. पाकीट बाबांच्या उशाशी ठेवलं आणि दोन दिवसांत चार दिल्या. पू कमी झाला. मी खूश. तिसऱ्या दिवशी बाबांना थंडी वाजून असा ताप भरला की खाट हलायला लागली.

दवाखान्यात जखमेतला नमुना घेतला आणि तो घेऊन मी नानांपुढे उभा राहिलो. "आधी काय गोळ्या घेतल्या?" काही नाही. चहा आला. "घरात काय होतं का पडलेलं, डोकं दुखतं म्हणून दिलं असंल?" छे हो. चपलेत पाय घातला. "बघ रे, काय दिलं असंल तर…" मी, जो बसच्या रांगेतही तासभर बोलू शकतो, तो नुसती मान हलवून बाहेर पडलो. बाबांनाही त्यांनी खाटेपाशी जाऊन तीनदा विचारलं म्हणे. बाबांनी छताकडे बघून सांगितलं, "नाय."

ताटलीत काहीच उगवलं नाही. एक ठिपकासुद्धा नाही. शेत उजाड झालं की पेढे, हे मला पाठच होतं. मी पाव किलो आणले. नानांनी पेढा हातात घेतला नाही.

"अरे, पोटात पू आन ताटलीत पीक नाय?" ते हळू आवाजात म्हणाले. "ही बरं होण्याची खूण नाय. कुणीतरी बियाणं आधीच अर्धं भाजलंय. वरचे मेले, आतले तगले. आता तुझ्या बापाला कोणतं औषध द्यायचं, हे ह्या ताटलीला सांगता येत नाय."

तरीही मी बोललो नाही. हातात पेढ्यांचा पुडा धरून उभा राहिलो.

नानांनी बाबांचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. वरवरची जखम पुसून भागायचं नाही, आतला पू हवा, म्हणाले. बाईंनी सोनोग्राफीत बघून पोटातून पू काढला आणि नाना पुन्हा पेरणीला बसले. ते तीन दिवस बाबांना अंदाजानेच औषध चालू होतं आणि ते लागू पडत नव्हतं. मूत्रपिंडं दमली. बाबांनी मला ओळखणं सोडलं. तिसऱ्या दिवशी नाना स्वतः ताटलीचा अहवाल घेऊन वॉर्डात आले. सगळ्या टिकल्यांना जंतू खेटून उगवले होते. एकीभोवती मात्र टक्कल होतं. एकीच. ते औषध सुरू झालं आणि आठवड्याने बाबांनी पेज मागितली.

बाबा महिन्याने घरी आले, पोटाला कायमचा पट्टा बांधून. नानांनी मला चौथ्यांदा कधीच विचारलं नाही. बाजारात भेटले की बाबांची तब्येत विचारायचे, मग माझ्या चपलांकडे बघायचे आणि पुढे जायचे. त्यांनी ओरडायला हवं होतं. फार बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात नाना झोपेतच गेले. लॅबच्या अंगणात शोकसभा होती. मी बोलायचं ठरलेलं, कारण बोलण्यात मी पटाईत. टकलाचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, लोक रडता रडता हसले. गोळ्यांचं सोडून सगळं सांगितलं. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. बाबा माझ्या शेजारी, काठी टेकून. चपला दाराशी काढलेल्या. इतकी शांतता, की आत लॅबमधल्या पंख्याची करकर अंगणात ऐकू येत होती. त्या शांततेत मला वाटलं, आता कुणीतरी चहा ओतेल आणि सहज विचारेल.

"चार!" मी ओरडलो. "नाना, चार गोळ्या दिल्या होत्या! मीच दिल्या!"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ते बोलून गेले, "चार नाय रे, सा. दोन मी मागनं घेतल्या."