टेकडीवरचा पहारा

टेकडीवर रोज सकाळी एक बाई भेटतात. गुडघे दुखत असले तरी घरून पाण्याची बाटली घेऊन चढतात आणि वाटेवरच्या एका झाडाला पाणी घालतात. झाड उंदीरमारीचं. टेकड्या हिरव्या करायला पूर्वी हेच लावायचे. पण याच्या दाटीत माळाचं गवत टिकत नाही.

हे मला आता कळतं, कारण उजाड झालेला माळ पुन्हा मूळचा कसा करायचा, ते शिकवणाऱ्या वर्गाला मी जातो. तिथं पहिलं काय शिकलो, तर हिरवं दिसलं की आधी संशय घ्यायचा. तेव्हापासून आमच्या गल्लीतला गुलमोहरसुद्धा मला उपरा वाटतो.

काल वर्गातली करवत घेऊन त्या झाडापाशी गेलो, तर बाई आडव्या आल्या.

"परवानगी आहे का, काका?"

"आहे. हे झाड इथलं नाही. चुकून लावलंय."

"चुकून? खड्डा मी खणलाय. तेव्हाही तुमच्यासारखेच एक जण आले होते. हेच लावा म्हणाले, अगदी खात्रीनं."

आमचे सरही खात्रीनंच बोलतात. त्या खात्रीचा संशय घ्यायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

मी करवत पिशवीत घातली आणि उतरू लागलो. वळणावरून मागे पाहिलं. बाटली रिकामी झाली होती, तरी बाई झाडाला टेकून माझ्याकडेच बघत होत्या. मी परत येणार नाही, यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

माझा तरी कुठं बसला होता?